अँटॉप हिल किती प्रकारे लिहितात?

प्रश्न तसा सोपा होता. एका छोट्या वाचनालयाला (नाव मुद्दाम देत नाही) जाणून घ्यायचं होतं की आपले अँटॉप हिलमध्ये राहणारे सभासद किती. आकडा बरा असेल तर आठवड्यातून एकदा तिकडे पुस्तकांची पेटी पाठवायची, असा कार्यकारी मंडळाचा विचार होता. आयटीतला माणूस म्हटला की प्रिंटर दुरुस्त करण्यापासून सगळं त्यालाच येतं, या समजापोटी काम माझ्याकडे आलं.

क्वेरी एका ओळीची. सिलेक्ट काउंट फ्रॉम सभासद, व्हेअर पत्ता लाइक '%अँटॉप हिल%'. एंटर मारला आणि उत्तर आलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. ग्रंथपाल बाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! सीजीएस कॉलनीतली किती माणसं मी रोज बघते."

बाईंचं बरोबर होतं आणि क्वेरीतही काही चूक नव्हती. गंमत पत्त्याच्या रकान्यात होती. तिथे अँटॉप होतं, अॅंटॉप होतं, ॲंटॉप होतं, ऍंटॉप होतं, अॅन्टॉप होतं, आणि हिंदी वळणाने लिहिलेलं एंटॉपही होतं. वाचणाऱ्याला ही सगळी एकच टेकडी. कॉम्प्युटरला मात्र सहा वेगळी गावं!

यातला पहिला प्रकार म्हणजे 'अ'वर चंद्रबिंदू. दुसरा म्हणजे 'अ', त्यावर अर्धचंद्र आणि वर अनुस्वार. तिसऱ्यात 'ॲ' हे एकच अखंड अक्षर आणि अनुस्वार. चौथ्यात 'ए'वर चंद्र दिलेलं अक्षर उसनं घेतलेलं. पडद्यावर पहिले तीन जवळपास सारखेच दिसतात, पण साठवलेले कोड वेगळे. आणि याला टायपिस्टचा आळशीपणा म्हणता येणार नाही, कारण 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर बँक, ॲसिड आणि अँटॉप हिल लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपापली सोय करून घेतली होती. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना अधिकृत जागा दिली ती ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने. म्हणजे २००५ मध्ये नाव नोंदवलेल्या सभासदाच्या पत्त्यात हे अक्षर असणं शक्यच नाही, आणि २०१५ मधल्या सभासदाच्या पत्त्यात ते असण्याची शक्यता भरपूर. पत्त्याचं स्पेलिंग बघून माणूस कधी सभासद झाला याचा अंदाज करता येईल, असा प्रकार :-)

युनिकोडच्या आधीचा काळ तर याहून भारी. तेव्हा डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी म्हणजे आतून इंग्रजी अक्षरांचे कोड आणि वरून देवनागरीचा मुखवटा. त्यातला ऱ्हस्व इकार आपण बोलतो त्या क्रमाने नाही, तर कागदावर दिसतो त्या क्रमाने साठवला जायचा. म्हणजे आधी वेलांटी, मग अक्षर. परिणाम असा की अकारविल्हे यादी मागितली की 'किल्ला', 'निबंध' आणि 'विनोद' एकाच ठिकाणी येऊन बसत, कारण तिघांची सुरुवात कॉम्प्युटरच्या मते वेलांटीपासून. नागरी लिपीसाठी आधी प्रमाणित कोड नव्हता असंही नाही. 'इस्की' नावाचा भारतीय प्रमाणित संकेत १९९१ मध्येच ठरला होता आणि पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान तो वापरायचं. पण छापखान्यांना आणि ऑफिसांना छान दिसणारे फाँट हवे होते. दिसण्यासाठी लिहिलेला मजकूर आणि शोधण्यासाठी लिहिलेला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आलं.

मग अँटॉप हिलचं काय केलं? पिन कोड वापरला. ४०००३७.

पिन कोडची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तो नेमक्या याच दुखण्यावरचा उपाय होता. एका नावाची अनेक गावं, एका गावाची अनेक स्पेलिंगं आणि पत्ते डझनभर लिप्यांत. टपाल खात्यातल्या माणसाने ते लावायचे कसे? १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन सुरू झाला आणि त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. कोकणातले हे गृहस्थ संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा (४०० म्हणजे मुंबई), शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. आम्ही डेटाबेसवाले ज्याला 'की' म्हणतो ती हीच. नाव कसंही लिहा, की बदलत नाही.

पण पिनवर केलेला रिपोर्ट आला तो जरा जास्तच मोठा. कारण ४०००३७ मध्ये नुसतं अँटॉप हिल नाही, वडाळ्याचाही काही भाग येतो. पिन टपालासाठी आखलेला आहे, वाचनालयाच्या पेटीसाठी नाही. शेवटी पिन आणि पत्ता दोन्ही लावून, उरलेल्या नोंदी बाईंनी डोळ्यांनी तपासून आकडा काढला.

यातून एक साधी गोष्ट डोक्यात बसली. रिपोर्ट आपल्याला जगाबद्दल काही सांगत नाही. कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी वेगळ्याच कामासाठी आखलेल्या रकान्यांबद्दल सांगतो. ज्याने रकाने आखले त्याने पुढच्या माणसाला कोणते प्रश्न विचारता येतील हेही ठरवून टाकलं. पुस्तकांच्या बाबतीत ही गोष्ट कॉम्प्युटरच्या पुष्कळ आधी सुरू होते.

१८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. दहाच वर्षांपूर्वी १८५७ होऊन गेलं होतं. देशी भाषांत काय छापलं जातंय याची खबर सरकारला हवी होती. कायद्याने मुद्रकाला छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणं भाग पाडलं आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवायची व्यवस्था केली. नोंदीत काय काय? पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, छपाईचं आणि प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, तारीख, पानं, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती काढल्या, खिळ्यांनी छापलं की शिळाछाप, किंमत, हक्क कोणाकडे. या नोंदी दर तिमाहीला सरकारी गॅझेटबरोबर छापल्या जात. टेबलच आहे हो हे! आज कोणी एवढं नीट स्कीमा करून दिलं तर मी त्याला चहा पाजेन.

हेतू पाळतीचा होता. पण रकाने पाळतीपुरते नव्हते. 'प्रती किती' आणि 'किंमत' हे दोन रकाने बघा. त्यांच्यामुळे आज अभ्यासकाला विचारता येतं की अमुक वर्षी पंचांगांच्या प्रती किती निघाल्या आणि कादंबऱ्यांच्या किती, स्वस्त पुस्तकं कोणत्या विषयांवर होती, शिळाछाप जाऊन खिळ्यांची छपाई कधी वरचढ झाली. १८६७ मधल्या कारकुनाला यातला एकही प्रश्न पडला नव्हता. त्याने फक्त कच्ची माहिती, एका रकान्यात एक गोष्ट, अशी भरून ठेवली.

आता उलटं बघा. आजच्या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये 'प्रती किती छापल्या' असा रकाना सहसा नसतोच. म्हणजे १८८० च्या मराठी पुस्तकाला जो प्रश्न विचारता येतो तो २०१० च्या पुस्तकाला विचारता येत नाही. आणि २०२३ च्या नव्या कायद्याने (अंमल १ मार्च २०२४ पासून) १८६७ चा कायदा रद्द झाला. नवा कायदा फक्त नियतकालिकांचा आहे. पुस्तकं त्यातून बाहेर पडली. पुस्तकांसाठी १९५४ चा वेगळा कायदा आहे, ज्याखाली प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. आपल्या मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलं एक. पण प्रत देणं वेगळं आणि प्रतींची संख्या नोंदणं वेगळं.

असो. नुसत्या नोंदी असून भागत नाही, त्या शोधता यायला हव्यात. मराठीत हे काम एका माणसाने उरावर घेतलं. शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ ची, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ चा. मराठी नियतकालिकांच्या सूचीतही त्यांचा हात होता. ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये, दाते गेल्यानंतर, प्रसिद्ध केली. हे ग्रंथसंग्रहालय म्हणजे १८९८ सालचं, दादर पूर्वेला नायगावात. अँटॉप हिलहून फार लांब नाही, एखाद्या रविवारी जाऊन या.

दात्यांच्या सूचीपुढे मी हात जोडतो. पण छापील सूचीला एक मर्यादा असते. ती ज्या क्रमाने लावली त्याच क्रमाने तिला प्रश्न विचारता येतो. विषयवार लावली तर विषयाने, शेवटी लेखकांची यादी दिली तर लेखकाने. 'पुण्यात १८७० ते १८८० मध्ये छापलेली, किंमत चार आण्यांच्या आत असलेली पुस्तकं' असं विचारायचं तर सगळी पानं उलटा. उत्तर आत दडलेलं असतं, पण वाट नसते.

ही वाट मोकळी केली एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या गणितज्ञाने. १९७० च्या जूनमध्ये त्याने रिलेशनल मॉडेलवरचा निबंध लिहिला. त्याआधीच्या डेटाबेसात माहिती कुठल्या वाटेने साठवली आहे ते प्रोग्रॅमरला माहीत असावं लागे आणि त्याच वाटेने चालत जाऊन ती आणावी लागे. थोडक्यात, छापील सूचीसारखंच. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि वाट शोधायचं काम मशीनवर सोडा. तुम्ही फक्त काय हवं ते सांगा. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा केली. नाव दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघाल्यामुळे ती पुढे 'एसक्यूएल' झाली. त्यांचा मूळ इरादा काय होता माहितीये? प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला स्वतःचे प्रश्न स्वतः विचारता यावेत. झालं मात्र भलतंच. एसक्यूएल येणं ही आमची नोकरी झाली आणि प्रश्न असलेली माणसं आमच्या टेबलासमोर रांगेत उभी राहिली.

भारतातल्या ग्रंथालयांत कॉम्प्युटर आला तो मात्र दुसऱ्या दाराने. युनेस्कोने १९८५ मध्ये छोट्या कॉम्प्युटरसाठी सीडीएस आयसिस हे सॉफ्टवेअर आणलं आणि आपल्याकडे निस्साट या सरकारी योजनेमार्फत ते ग्रंथालयांपर्यंत पोचलं. ते रिलेशनल नव्हतं. प्रत्येक नोंद म्हणजे क्रमांक दिलेल्या रकान्यांची माळ, आणि रिपोर्टसाठी त्याची स्वतःची एक छोटी भाषा. त्या काळात शिकलेले ग्रंथपाल अजूनही 'शीर्षक म्हणजे व्ही २४' असं झोपेत सांगतील. आम्ही त्यांना 'नॉन-टेक्निकल' म्हणतो, ही आमची मजाच आहे.

चेंबरलिन-बॉइसचा इरादा खरा केला तो न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने. होरोव्हेनुआ तिचं नाव. तिथलं जुनं सॉफ्टवेअर २००० सालात टिकणार नव्हतं (वायटूके आठवतंय ना?). विकत घेण्याऐवजी त्यांनी वेलिंग्टनच्या कटिपो कंपनीकडून नवं लिहून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट, मूळ कोडसकट देऊन टाकलं. नाव 'कोहा', माओरी भाषेत 'भेट'. आज आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत तेच आहे. कोहात रिपोर्टसाठी एक मार्गदर्शित फॉर्म आहे, आणि तो पुरला नाही तर सरळ एसक्यूएल लिहायची चौकट. तिथे फक्त सिलेक्ट चालतं. डिलीट किंवा अपडेट लिहिलं तर ते नकार देतं, त्यामुळे हात कापला जायची भीती नाही. क्वेरीत जागा सोडून ठेवता येते, म्हणजे रिपोर्ट चालवताना ते 'कोणती शाखा?' किंवा 'कोणत्या तारखेपासून?' असं विचारतं. आणि जगभरच्या ग्रंथपालांनी आपापल्या क्वेरी एकत्र जमवून ठेवल्या आहेत. एकाने लिहायची, शंभरांनी वापरायची. प्रोग्रॅमर नसलेली माणसं स्वतःचे प्रश्न स्वतः विचारताहेत. पंचवीसेक वर्षं उशिरा का होईना.

इथवर गोष्ट छान आहे. पण मला धास्ती वाटते ती एका विशिष्ट रिपोर्टची.

कुठल्याही वाचनालयाला जागा अपुरी असते. मग कोणीतरी म्हणतं, दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढा. कोहात प्रत्येक प्रतीच्या नोंदीत 'शेवटी कधी नेलं' ही तारीख असते. ती दहा वर्षांपूर्वीची किंवा रिकामी असलेल्या प्रती निवडल्या की झाली यादी. दोन मिनिटांचं काम. त्या यादीवर पुढे सही होते, पुस्तकं निर्लेखित होतात आणि रद्दीचा टेम्पो येतो.

आता ती रिकामी जागा नीट बघा. डेटाबेसात तिला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. हा फरक आपण पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकतो, पण छापलेल्या रिपोर्टवर दोन्ही सारखेच दिसतात. वाचनालयात नल कुठून येतो? एक, संगणकीकरण झालं तेव्हा दाखल नोंदवहीतून पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, किंमत एवढंच चढवलं जातं. जुनी देवघेव कोण चढवणार? त्यामुळे १९७५ मध्ये चाळीस घरांत फिरून आलेलं पुस्तक कॉम्प्युटरच्या मते कधीच कुठे गेलेलं नाही. दोन, संदर्भाची पुस्तकं लोक टेबलावर बसून वाचतात आणि तिथेच ठेवून जातात. कोहात जागेवर वाचलेल्या पुस्तकाची नोंद करायची सोय आहे, पण त्यासाठी संध्याकाळी कोणीतरी टेबलावरची पुस्तकं गोळा करून एकेक स्कॅन करावी लागतात. एकट्या माणसावर चालणाऱ्या वाचनालयात हे कोण करणार?

म्हणजे यादीत सगळ्यात वर येतात ती जुनी पुस्तकं आणि संदर्भाची पुस्तकं. नेमकी तीच, ज्यांची दुसरी प्रत मिळणं कठीण! रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला तिसरा म्हणजे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळायला हवा. तो वाचक दहा वर्षांच्या आत यावा अशी अट त्यांनी घातलेली नाही. दात्यांच्या सूचीतल्या कितीतरी पुस्तकांना अनेक दशकं वाचक नसेल. ती कुठेतरी फळीवर पडून राहिली म्हणूनच आज कोणाला मागता येतात.

दोष ग्रंथपालांचा नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गावर ठरतं. वर्षाच्या शेवटी आकडे द्यावे लागतात. ग्रंथ किती, सभासद किती. मोजायचा फॉर्म जे विचारतो तेच वाचनालय कॉम्प्युटरला विचारतं. 'हे पुस्तक आणखी कोणाकडे आहे का?' असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही, आणि एका वाचनालयाच्या डेटाबेसला शेजारच्या वाचनालयाच्या फळ्या दिसत नाहीत.

उपाय मात्र मोठे नाहीत. एसक्यूएल येणाऱ्या कोणालाही एका वीकेंडला जमतील. न गेलेल्या पुस्तकांच्या यादीचे दोन भाग करा: ज्यांची शेवटची तारीख खरोखर जुनी आहे ती, आणि ज्यांची तारीख नल आहे ती. दुसऱ्या भागावर मोठ्या अक्षरांत 'माहीत नाही' असं छापा. त्यातली १९५० च्या आधीची पुस्तकं वेगळी काढा आणि दात्यांच्या सूचीशी ताडून बघा. सूचीत न सापडलेलं एखादं निघालं तर त्या पुस्तकाला हात लावू देऊ नका.

आणि नलच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक एकदा मागून उघडून बघा. शेवटच्या पानाला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. तो त्या पुस्तकाचा खरा रिपोर्ट. पहिली तारीख, शेवटची तारीख आणि एकूण शिक्के एवढं जरी नोंदीत चढवलं, तरी टेम्पो यायच्या आधी निम्मे नल गळून पडतील.